संकल्पपत्राचा खालचा तुकडा

"सही खालच्या तुकड्यावर घ्यायची, आत्या. चौकटीच्या आत. बाहेर गेली तर मशीन घेत नाही. वरचा तुकडा ज्याचा त्याला परत द्यायचा, देव्हाऱ्यात ठेवायला."

भरतेश हे सांगत होता तेव्हा बस्तीच्या मंडपात आम्ही दोघंच होतो. बस्ती म्हणजे आमच्याकडचं जैन मंदिर. प्रवचन संपून बायका पांगल्या होत्या, चटया गुंडाळायच्या राहिल्या होत्या, आणि माझ्या भावाचा हा मुलगा माझ्यासमोर मांडी घालून बसला होता. पांढरा सदरा, कपाळाला गंध. येताना पाय धुऊन आला होता. ओल्या पावलांचे ठसे अजून फरशीवर होते. ते बघून मला बरं वाटलं होतं. कोल्हापुरात मोठ्या पगारावर लागलेला मुलगा, पण पाय धुऊन बस्तीत येतो.

त्या वर्षी आमच्या वारणाकाठच्या गावात एका आर्यिका माताजींचा, म्हणजे जैन साध्वींचा, चातुर्मास होता. सात व्यसनांवर त्यांनी सात दिवस प्रवचन केलं, आणि सुरुवात जुगारापासून केली. "शास्त्रकारांनी जुगार पहिला ठेवलाय," त्या म्हणाल्या होत्या. "बाकीची सहा त्याच्या मागनं घरात येतात." सातव्या दिवशी त्यांनी त्यागाचा नियम घ्यायला सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी भरतेश छापील संकल्पपत्रांचा गठ्ठा घेऊन हजर.

"आमच्या फाउंडेशननं छापून दिलीत," तो म्हणाला. "शाळेला कबड्डीची मॅट दिली ना, तेच फाउंडेशन. तुमच्या श्राविका मंडळानं फक्त घरोघर फिरायचं."

पत्र देखणं होतं. जाड कागद. वरच्या अर्ध्यात कमळ आणि ठळक मराठीत, 'मी जुगार व इतर सहा व्यसनांचा आजीवन त्याग करीत आहे.' मधे टिंबांची रेघ, तिथून फाडायचं. खालच्या अर्ध्यात नाव, गाव, फोन, सहीची चौकट आणि साक्षीदाराची सही. चौकटीच्या वर बारीक इंग्रजीत दोन ओळी, कोपऱ्यात फाउंडेशनची खूण: निळ्या वर्तुळातून वर उडणारा चेंडू.

"हे इंग्रजी कशाला रे?"

"ऑफिसचं असतं काहीतरी. मोजदादीला लागतं. साक्षीदार म्हणून सगळीकडं तुमची सही, आत्या. कांचनअक्कांच्या शब्दाला गावात नाही कोण म्हणतंय?"

ते खरं होतं. तीस वर्षं मी अंगणवाडीत काढली. पोलिओचा डोस असो की वजनाचा तक्ता, मी दारात उभी राहिले की बाई आधी सही करायची आणि मग विचारायची, "कशाची वो अक्का?" मला त्याचा थोडा अभिमानही होता. आवाज माझा बारीक. भांडायला, ओरडायला कधी जमलं नाही. पण नियमाला मी पक्की. सूर्य मावळायच्या आत जेवण. पाणी गाळून, उकळून. वाराला एक रस सोडायचा: रविवारी मीठ, शुक्रवारी दही-ताक, शनिवारी तेल. आणि सकाळी उठल्यावर आज कुठवर जायचं त्याची हद्द मनाशी ठरवायची, ती दिवसभरात ओलांडायची नाही. यजमान गेल्यापासून हे सगळं मी इतकं सांभाळलं की लोक बाजारात मला बघून वार ओळखायचे.

तर त्या पावसाळ्यात रोज एकेक गल्ली हद्दीत घेत मी बारा दिवसांत तीनशे बारा सह्या गोळा केल्या.

एकच सही सहज मिळाली नाही. राजमती आवटीची.

राजमती आमच्या मागच्या गल्लीत राहते. नवरा सूतगिरणीत, एकुलता मुलगा सन्मती. आयटीआय झालेला, डोक्यानं तल्लख, क्रिकेटचा वेडा. सामन्यांवर पैसे लावायच्या मोबाइलवरच्या खेळात तो कधी शिरला ते घरात कुणाला कळलं नाही. कळलं तेव्हा तो उसातलं तण मारायचं औषध प्यायला होता. वाचला, पण घसा आतून जळाला. पेज आणि गाळलेलं वरण एवढंच खाली उतरायचं, आणि बोलायला गेला की शब्दांऐवजी नुसती हवा.

मी गेले तेव्हा ती चहाच्या गाळणीतून वरण गाळत होती.

"माझी सही कशाला वो अक्का? मी काय पत्त्याला हात लावलाय कधी?"

"म्हणून तर तुला सोपं आहे. तू केलीस तर सन्मतीला बळ येईल."

"त्येला कसलं बळ येतंय." तिनं गाळणी परातीवर आपटली. "आनि त्यो तर म्हणायचा, आई, ह्यो जुगार न्हाईच. मोबाइलवर दाखवायचा मला. राज्य सरकारचा परवाना, शिक्क्यासकट. सरकार काय लोकांना बुडवायला परवाना देतंय व्हय, म्हणायचा. आता मला सांगा, मी तवा काय बोलायचं हुतं?"

"दिल्लीत कायदा होतोय म्हणतात," मी म्हटलं. "राज्यांचे असले परवाने बंद करणार."

"व्हईल तवा व्हईल." पदराला हात पुसून ती टेकली आणि एकेक अक्षर कोरत सही केली. "तुमी सांगताय म्हणून हं. नाहीतर मी कागदाला लय भिते."

सन्मती आतल्या खोलीच्या दाराशी बसला होता. त्यानं हात पुढं केला, म्हणून मी त्याला एक कोरं पत्र दिलं. त्यानं वरचा भाग वाचला, खालचा वाचला, पुन्हा खालचा वाचला. मग त्या बारीक ओळींवर बोट ठेवून तो माझ्याकडं बघत काहीतरी सांगू लागला. घशातून फुस्स् फुस्स् एवढाच आवाज. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या.

"हो बाळा," मी म्हटलं, "तिथंच. चौकटीच्या आत."

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं, पत्र माझ्या मांडीवर ठेवलं आणि भिंतीकडं तोंड केलं. मला वाटलं, अजून मन तयार नाही पोराचं.

चारच दिवसांनी भरतेश गठ्ठा घेऊन गेला. जाताना सन्मतीला भेटून, मोसंबी देऊन गेला. राजमती म्हणाली, "अक्का, तुमचा भाचा लय मायाळू."

पुढं भाद्रपदातलं दशलक्षण पर्व झालं, आणि त्यानंतरच्या आठवड्यात पेपरात आलं की दिल्लीहून खासदारांची एक समिती कोल्हापुरात येणार आहे. खेळांच्या सामन्यांवर पैसे लावायला राज्यांनी परवाने द्यायचे नाहीत, दिलेले रद्द करायचे, असा केंद्राचा तो येऊ घातलेला कायदा होता, आणि त्यावर लोकांचं म्हणणं समिती ऐकून घेणार होती. शाळेच्या हेडसरांनी राजमतीचा अर्ज भरून पाठवला. तिला वेळ मिळाली. पाच मिनिटं.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. तो कायदा पुढं कसा झाला, त्यात काय राहिलं आणि काय गळलं, ते सांगायला मी बसलेले नाही. मला त्या पाच मिनिटांचं सांगायचं आहे.

"तुमी संगट या अक्का," राजमती म्हणाली. "मला भाषण न्हाई करायचं. येवढंच सांगायचं की माझं पोरगं खोटं बोलत नव्हतं, त्येला शिक्का दिसला म्हणून त्यो आत गेला. तुमी शिक्का काढा. संपलं. दोन महिन्यांत मी कुनाकडं काय मागितलं न्हाई. न औषधाला, न कशाला. ही पाच मिनटं तेवढी मला पायजेत."

तो शुक्रवार होता. चातुर्मासात गावाबाहेर पडायची माझी ती पहिलीच वेळ. पहाटे मी हद्द कोल्हापूरपर्यंत धरली, उकळलेल्या पाण्याची बाटली घेतली आणि आम्ही सातची एसटी पकडली. राजमतीनं लग्नाकार्यातली हिरवी साडी नेसली होती. वाटेत ती ओठातल्या ओठात घोकत होती. मधेच माझ्याकडं वळून म्हणाली, "अक्का, खासदाराला साहेब म्हणायचं का महाराज?"

"साहेब म्हण."

"बाई असली तर?"

"मॅडम."

"मॅडम असंल तर बरं हुईल," ती म्हणाली.

सभागृह थंडगार होतं. डाव्या बाजूला आमच्यासारखी माणसं, पिशव्या मांडीवर घेऊन बसलेली. उजव्या बाजूला निळी जाकिटं घातलेली पंधरा-वीस तरणी पोरं, हसतमुख, दाढ्या कोरलेल्या. अत्तराचा वास इतका की डोकं चढावं. त्यांच्यामागं भिंतीला एक फलक होता, त्यावर त्या मोबाइलच्या खेळाचं नाव आणि नावाशेजारी निळ्या वर्तुळातून वर उडणारा चेंडू.

मी तो चेंडू बघितला. माणसाचं मन किती लबाड असतं बघा. मी मनाशी म्हटलं, चेंडू काय कुणाच्याही फलकावर असतो.

मग दुसऱ्या रांगेतलं एक जाकीट उठलं आणि मला लांबूनच हात जोडून जयजिनेंद्र केलं. भरतेश. कपाळावर गंध नव्हतं.

राजमतीचं नाव पुकारलं. ती माइकपासून हातभर लांब उभी राहिली. शिपायानं पुढं सरकवली तर पुन्हा मागं आली. पण बोलली. घोकलेलं सगळं विसरली आणि वरण गाळायची गाळणी कशी धरावी लागते ते सांगू लागली. डाळीचं एक साल राहिलं तरी पोरगं कसं गुदमरतं ते. खासदारांत एक बाई होत्या. कानाला यंत्र लावून भाषांतर ऐकत होत्या. लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला.

"तुमी शिक्का काढा, मॅडम," राजमती म्हणाली. "पोरं ऐकत न्हाईत आमचं. पन शिक्क्याचं ऐकत्यात."

त्या बाई-खासदारांनी ओळ पुरी लिहिली. मला वाटलं, झालं. पोचलं.

तेवढ्यात उजवीकडून काळ्या कोटातले एक गृहस्थ उठले. कंपनीचे वकील. आवाज अगदी गोड.

"या ताईंबद्दल आम्हाला सहानुभूती आहे. फक्त एक गोष्ट समितीच्या नजरेस आणायची आहे. परवानाधारक खेळांना पाठिंबा आणि या कायद्याला विरोध अशी तीनशे बारा महिलांची स्वाक्षरीपत्रं आम्ही सादर केली आहेत. ताईंच्याच गावाच्या परिसरातली. गावातल्या अतिशय प्रतिष्ठित अंगणवाडी सेविका साक्षीदार आहेत." त्यांनी एक कागद वर धरला. जाड, अर्धा फाडलेला, टिंबांच्या रेघेवर. "क्रमांक दोनशे सात. राजमती आवटी."

कागद अध्यक्षांकडं गेला. त्यांनी हिंदीत काहीतरी विचारलं, शेजारच्या कारकुनानं मराठीत सांगितलं, "ही सही तुमची आहे का?"

राजमतीनं कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"सही माझीच हाय, साहेब."

"म्हणजे तुम्ही पाठिंबा दिला होतात."

"न्हाई."

"सही तुमची, पण पाठिंबा तुमचा नाही?"

निळ्या जाकिटांतून कुणीतरी हसलं. फार मोठ्यानं नाही. अध्यक्षांनी घड्याळाकडं बघितलं आणि हात जोडले, "बहनजी, धन्यवाद." त्या बाई-खासदारांनी लिहिलेल्या ओळीवरून पेन फिरवलं. आडवं. मी बघितलं ते.

राजमती मागं वळली आणि गर्दीत मला शोधू लागली. डोळ्यांत राग नव्हता. रस्ता चुकलेलं माणूस ओळखीचं घर शोधतं तशी ती बघत होती.

मला उठायचं होतं. त्या सहीखाली माझी सही होती. मी गुडघ्यावर हात टेकले. तेवढ्यात समोरून भरतेशनं माझ्याकडं बघितलं आणि तळहात खाली करून हलकेच हलवला. बसा, आत्या. लहानपणी तापात निजला की मी त्याला असंच हातानं खुणावायची, पडून राहा म्हणून.

मी बसून राहिले.

जेवणाच्या सुट्टीत राजमती बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसली. मी व्हरांड्यात भरतेशला गाठलं. खरं तर तोच माझ्याकडं येत होता, हातात शहाळं घेऊन.

"शुक्रवार आहे ना आज. तिथं सगळ्यांना ताक होतं. मी म्हटलं, माझ्या आत्याला दही-ताक चालत नाही. मुद्दाम शहाळं आणवलं. समोर फोडून घेतलंय, पाणीबिणी लागलेलं नाही."

"भरतेश, काय केलंस तू हे?"

"कुणाचं काय नुकसान झालं, आत्या? तुमचा त्याग तुमच्याकडं आहेच की. वरचा तुकडा. तो खराच आहे. जुगार सोडायचा म्हणालात, सोडा. आमच्या खेळाला कायद्यात जुगार म्हणत नाहीत, परवाना आहे त्याला. दोन्ही तुकडे आपापल्या जागी बरोबर आहेत."

"माताजींच्या प्रवचनाच्या आडून..."

"माताजींचं नाव मी कुठंही छापू दिलं नाही." तो एकदम गंभीर झाला. "आमचे साहेब म्हणत होते छापूया. मी म्हटलं, नाही. तेवढं पाप नको."

तो हे मनापासून बोलत होता. त्याच्या चेहऱ्यावर खरंच काहीतरी जपल्याचं समाधान होतं.

"सन्मतीला बघायला आला होतास तू. मोसंबी घेऊन."

"मग? वाईट वाटलं म्हणून आलो. मला काय मन नाही?" त्यानं नळी शहाळ्यात खोचली, तोंडाकडची पांढरी साय बोटानं बाजूला केली आणि शहाळं माझ्यापुढं धरलं. "एक सांगू आत्या? रागावू नका. साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं होतं, खेड्यात बारीक अक्षर न वाचता सही कोण करेल. कुणी म्हणालं कर्ज काढणारा, कुणी म्हणालं दारुडा. मी म्हटलं, नियम घेणारा. दारुडासुद्धा दोनदा विचारतो. नियम घेणारा माणूस विचारत नाही, त्याला लाज वाटते विचारायची." तो हसला, अगदी मायेनं. "तुमच्याकडं बघूनच सुचलं मला."

शहाळ्याची ती साय त्याच्या बोटाला चिकटली होती. गोरं, नखं कापलेलं बोट. त्या बोटाला धरून मी त्याला बस्तीच्या पायऱ्या चढायला शिकवल्या होत्या. मी व्हरांड्याच्या टोकाच्या बेसिनपर्यंत कशीबशी पोचले. पोटात काही नव्हतंच. कडू, हिरवट पाणी आलं, पुन्हा आलं, आणि प्रत्येक उबळीला मला सन्मतीचं बोट दिसत होतं, त्या दोन ओळींवर ठेवलेलं. हो बाळा, तिथंच. चौकटीच्या आत.

"उपवासाचं पित्त आहे," मागून भरतेश कुणालातरी सांगत होता. "फार कडक करतात हो माझी आत्या."

किळस त्याची आली हे खरं. पण तोंड धुऊन वर बघितलं तर आरशात मी होते, स्वच्छ पांढऱ्या पदरातली, आणि ती किळस तशीच राहिली. उलट वाढली.

आत सभागृहात एक वयस्कर कारकून कागदांना नाडी बांधत बसला होता. मी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"साहेब, दिलेली सही मागं घेता येते का?"

"काय? जरा मोठ्यानं बोला."

मी पुन्हा विचारलं.

त्यानं चष्मा वर केला. "येते. पंधरा दिवसांत. पण प्रत्येकीचं वेगळं पत्र, ज्याचं त्यानं लिहिलेलं. एका कागदावर सगळ्यांच्या सह्या आणाल तर केराची टोपली."

"आणि मघाशी ज्या बाई बोलल्या, त्यांचं म्हणणं?"

"त्यांची सही परत घेतल्याचं पत्र द्या, सोबत लेखी म्हणणं द्या, लावून घेतो फायलीत." त्यानं नाडीची गाठ मारली आणि आवाज खाली आणला. "मावशी, खरं सांगू? एकटीचं आलं तर म्हणतील, कुणीतरी पढवलंय. सगळ्यांची आली, तर मात्र त्या बाईंचं पुन्हा वाचावं लागेल त्यांना."

परतीच्या एसटीत राजमती खिडकीशी बसली. वडगाव आल्यावर तिनं विचारलं.

"अक्का, तुमाला ठावं हुतं?"

"नाही गं. बस्तीतल्या पूजेची शपथ."

"शपथ ऱ्हाऊ द्या." ती बाहेरच बघत होती. "मग उठला का न्हाई?"

मी पिशवीचे बंद सारखे केले.

"भाचा म्हणून?"

"हो," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. पुढच्या बाकावरची बाई मागं वळून आमच्याकडं बघायला लागली, तर राजमती तिला म्हणाली, "तुमी फुडं बगा. गाडी फुडं चाललीया."

"राजमती, मी सगळ्या सह्या परत आणते. तीनशे बाराच्या तीनशे बारा. तुझं म्हणणं त्यांना पुन्हा वाचायला लावते."

"तुमचं घर आनि भावाचं घर एकाच भिंतीला हाय," ती म्हणाली. "नगा देऊ शब्द. मला आता कुनाच्या शब्दाची सवय लागायला नगो."

"दिला," मी म्हटलं. "आता झाला देऊन."

रात्रभर मी जप करत होते, पण मणी कुठून कुठं गेले ते कळलं नाही. सकाळी माताजींपुढं जाऊन वंदामि म्हटलं आणि सगळं सांगितलं. माझ्या सहीचं, सन्मतीच्या बोटाचं, खुर्चीवर बसून राहिल्याचं. काही म्हणजे काही लपवलं नाही. मग म्हटलं, "प्रायश्चित्त द्या, माताजी. तीन उपवास द्या. पाच द्या."

माताजी हातातल्या पिंछीची मोरपिसं सारखी करत होत्या. "तुला शेवटचा उपवास जड कधी गेला?"

मी आठवू लागले. आठवेना.

"मग तो प्रायश्चित्त कसा? तो तर तुला आवडतो," त्या म्हणाल्या. "तू पाच दिवस उपाशी बसलीस तर गाव तुझ्या पाया पडेल, आणि त्या पोराच्या आईचं काय होईल?"

मला वर बघवेना.

"ज्या ज्या दारात सही घेतलीस, त्या त्या दारात जा. उभी राहून सांग, मी न वाचता घेतली, कुणी घ्यायला लावली तेही सांग. आतली सासू ऐकेल, शेजारीण ऐकेल एवढ्या आवाजात सांग. तू आत्ता बोलतेस ते मला इथं अर्धं ऐकू येत नाही."

"सुरुवात कुठून करू?"

"जिथं जाऊ नये असं वाटतंय तिथून. आणि जेवून जा. भोवळ येऊन पडलीस तर तेवढंच कारण मिळेल तुला."

त्या दिवशी तेलाचा त्याग होता, म्हणून कोरडी भाकरी आणि दूध घेतलं. अंगणवाडीतल्या जुन्या पिशवीत कोऱ्या कागदांचा गठ्ठा भरला, चार पेनं टाकली. न वापरलेलं एक संकल्पपत्र माझ्याकडं उरलं होतं. त्यातल्या खालच्या दोन ओळींचं मराठी मी हेडसरांकडून एका चिठ्ठीवर लिहून घेतलं. लिहून झाल्यावर सरांनी पेनाला टोपण घातलं. त्यांच्या बायकोचीही सही त्या तीनशे बारांत होती.

भावाच्या घराचं अंगण माझ्या अंगणाला लागून आहे, मधे कमरेएवढी भिंत. एरवी मी भिंतीवरूनच हाक मारते. त्या दिवशी रस्त्यानं वळसा घालून पुढच्या दारानं गेले, जशी इतरांच्या घरी जाणार होते तशी. वहिनी तुळशीपाशी रांगोळी घालत होती. सोप्यात भिंतीवर तिचं संकल्पपत्र, वरचा तुकडा, चौकट करून लावलेलं होतं. मुलानं आणून दिलेलं.

"वन्सं? अशा पुढच्या दारानं?" ती हसली. "या की. भरतेश आलाय, आंघोळीला गेलाय. चहा टाकू?"

"चहा नको," मी म्हटलं. "रांगोळी पुरी करा. मग तुमचा चष्मा घेऊन या, वहिनी. एक कागद वाचायचाय आपल्याला."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, हातातली रांगोळी परत डब्यात टाकली, आणि चष्मा आणायला आत गेली. मी पायरीवर बसले आणि पिशवीतून पहिला कागद काढला.